कोणास ओरखडा नाहीं, मग अपराध कोणता?

यंदाच्या छाटणीच्या हंगामांत एका सोमवारीं सकाळीं आम्ही न्याहारी करून नुकतेच ओटीवर बसलों होतों, तोंच आमच्या मंडळींतील एक गृहस्थ घामाघूम होऊन दारीं आले. त्यांचें गांव दिंडोरी तालुक्यांत आहे. जमीन थोडी, पोटापुरती. उरलेले दिवस ते दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरी करितात. सहा वर्षांपूर्वीं त्यांनीं मनमाडच्या मेहुण्याकडून एक जुनी मारुती ओम्नी गाडी विकत घेतली. तिच्यांतून ते शेजारच्या बायांस बागेवर पोंचवीत, टोमॅटोचे क्रेट नाशिकच्या बाजारांत आणीत, आणि गांवांत कोणाचें बाळंतपण अडलें म्हणजे रात्रीं-अपरात्रीं तीच गाडी धांवे. त्या दिवशीं पहाटे दिंडोरी रस्त्यावर नाकाबंदी होती. अंमलदारांनीं गाडी थांबवून लायसन मागितलें; तें कधीं काढलेंच नव्हतें. विम्याचा कागद मागितला. त्याची मुदत दोन वर्षांपूर्वीं संपलेली. गाडी कोणाच्या नांवावर आहे म्हणून पाहिलें, तों ती अद्याप मेहुण्याच्याच नांवावर. क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवून घेण्यास सांगून गाडी जमा करण्यांत आली, आणि हे गृहस्थ कोणाच्या तरी मोटारसायकलीवर मागें बसून आमच्याकडे आले.

त्यांस आमच्याकडून एक चिठ्ठी पाहिजे होती. एका अधिकाऱ्याशीं आमची ओळख आहे हें त्यांस ठाऊक होतें. "पाळकसाहेब, दोन ओळी लिहून द्या, गाडी सुटंल," असें ते म्हणाले. आम्हीं लगेच होय म्हटलें नाहीं, नाहींहि म्हटलें नाहीं. तेव्हां त्यांस थोडा राग आला, व ते जें बोलले तें आम्हांस अजून विसरतां येत नाहीं. "सहा वर्सं गाडी चालवतोय. कुणाला ओरखडा काढला न्हाई. दारू पिऊन कधी गाडीवर बसलो न्हाई. मग मी केलं काय, ते तरी सांगा!"

आम्हीं उत्तर दिलें कीं, तुम्हीं कायदा मोडला. ते म्हणाले, कायदा सगळेच मोडतात. हें उत्तर लंगडें आहे, हें आम्हांस बोलतां बोलतांच कळलें. कायदा मोडणें वाईट, कारण कायद्यानें तें मना केलें आहे, असें म्हणणें म्हणजे घाण्याच्या बैलानें मैलोगणती चालून जागच्या जागींच राहणें होय. मना कां केलें, हा प्रश्न तसाच राहतो. ज्या कृत्यानें कोणाचेंहि नुकसान झालें नाहीं तें कृत्य अपराध कसें ठरतें? आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत आतां ज्यांच्या अंगणांत मोटारसायकल किंवा जुनी गाडी उभी आहे अशीं घरें पुष्कळ आहेत, आणि त्या सर्वांचे कागद पुरे आहेत असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? म्हणून ह्या गृहस्थांचा प्रश्न आम्ही वाचकांपुढें मांडतों.

कायदा काय म्हणतो तें प्रथम थोडक्यांत सांगून टाकूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणें परवान्यावांचून कोणीं वाहन चालवूं नये. पांचव्या कलमाप्रमाणें मालकानें तसें कोणास चालवूं देऊं नये. आणि १४६ व्या कलमाप्रमाणें तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा उतरल्यावांचून वाहन सार्वजनिक ठिकाणीं आणूं नये. परवाना नसल्यास वाहन अटकावून ठेवण्याचा अधिकार २०७ व्या कलमानें अंमलदारास दिला आहे, व तें सोडवावयाचें तर मालकानें कागद घेऊन अर्ज करावा लागतो. २०१९ सालीं हा कायदा सुधारण्यांत आला तेव्हां दंड वाढले. महाराष्ट्रांत ते २०२१ च्या डिसेंबरापासून लागू झाले. परवान्यावांचून गाडी चालविल्यास पांच हजार रुपये, विमा नसल्यास पहिल्या वेळीं दोन हजार व पुन्हां सांपडल्यास चार हजार. दोन्ही अपराधांस तीन महिन्यांपर्यंत कैदहि होऊं शकते.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. अशीं दोन माणसें घ्या कीं जीं दोन्ही परवान्यावांचून व विम्यावांचून, सारख्याच वेगानें, एकाच रस्त्यानें गाडी हांकीत आहेत. एकाच्या पुढें कोंबडी आडवी येते. दुसऱ्याच्या पुढें शाळेंत निघालेलें मूल येतें. पहिला घरीं जाऊन भाकर खातो. दुसरा कोठडींत जातो. दोघांच्या मनांत, हातांत किंवा हेतूंत कांहीं फरक होता काय? तिळमात्र नव्हता. अपराध जर केवळ परिणामांतच असेल, तर आमची सदसद्विवेकबुद्धि आम्हीं रस्त्यावरच्या कोंबड्यांच्या स्वाधीन केली असें म्हणावें लागेल. आमच्या ह्या गृहस्थांनीं सहा वर्षें ज्यास आपला चांगुलपणा मानिला, त्यांत त्यांची सावधगिरी कांहीं होती हें आम्ही मान्य करितों. परंतु त्यांतील बराच मोठा भाग केवळ दैवानें पदरांत टाकलेला होता, आणि दैवानें दिलेलें जें, त्याचें श्रेय मनुष्यानें घेऊं नये.

खेड्यांतील वाचकांस हें समजण्यास दूर जावयास नको. मळ्याच्या पायवाटेला लागून बिनकठड्याची विहीर आहे. दहा वर्षांत तिच्यांत कोणी पडलें नाहीं. म्हणून मालक निर्दोष झाला काय? मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत, नवें घर बांधणाऱ्यानें धाब्याला कठडा करावा अशी आज्ञा आहे. ती आज्ञा घर बांधण्याच्या वेळची आहे, कोणी पडल्यानंतरची नव्हे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत खड्डा उघडा टाकणाऱ्याविषयीं व मारक्या बैलाच्या मालकाविषयीं नियम आहेत. बैलानें पहिल्यानेंच कोणास शिंगावर घेतलें तर मालकाकडे फारसा दोष नाहीं; परंतु बैल मारका आहे असें लोकांनीं सांगितलें असतां ज्यानें तो बांधून ठेविला नाहीं, त्याचा दोष भारी. सांगण्याचा हेतु हा कीं, दोष शिंग लागल्या क्षणीं जन्मास येत नाहीं. मालकानें दावें बांधावयाचें टाळलें त्या संध्याकाळींच तो जन्मला. आमच्या वडिलांच्या काळीं रात्रीं निघालेल्या बैलगाडीच्या आंसाखालीं कंदील टांगीत असत. बैलांस आपली वाट ठाऊक असे व गाडीवान तर निजलेला असे. मग तो कंदील कोणासाठीं? मागून येणाऱ्यासाठीं.

"पण मला गाडी चांगली चालवतां येते, कागदानें अधिक काय येणार आहे?" असें ते गृहस्थ पुढें म्हणाले, व तें त्यांचें म्हणणें आम्हीं हसण्यावारी नेलें नाहीं. परंतु वाण्याच्या दुकानांतील वजनें पाहा. वाणी प्रामाणिक असेल, त्याचें किलोचें वजन खरोखर किलोचेंच असेल. तरीहि ठराविक मुदतीनें सरकारी खात्याकडून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. तो शिक्का वाण्यासाठीं नसतो. परक्या गांवचा जो मनुष्य पहिल्यानेंच त्या दुकानीं चढतो, त्यास वाण्याच्या स्वभावाची चौकशी करीत बसावें लागूं नये म्हणून तो शिक्का असतो. रस्त्यानें चालणारी बाई समोरून येणाऱ्या गाडीवाल्यास ओळखत नाहीं. तो शहाणा कीं वेडा, त्यास लांबचें दिसतें कीं नाहीं, हें विचारावयास तिला सवड नाहीं. तिच्या वतीनें कोणी तरी त्याची परीक्षा घेतलेली असावी, एवढाच परवान्याचा अर्थ आहे. आपली परीक्षा आपणच घेऊन आपणच उतीर्ण झाल्याचें जाहीर करणें फार सोपें असतें. चाळिशी उलटलेल्या अर्जदारानें डॉक्टरचा दाखला जोडावा असा नियम आहे. त्याची आम्हांस पूर्वीं चीड येत असे. पुढें एका रविवारीं आम्हीं उपासनेंत गीताचा क्रमांक चुकीचा वाचला, अर्धी मंडळी एक गीत व अर्धी दुसरें गाऊं लागली, आणि मग आम्हीं मुकाट्यानें चष्मा केला. त्या दिवसापर्यंत आमची दृष्टि उत्तम आहे असें आम्ही शपथेवर सांगितलें असतें. परवाना दलालाकडून विकत घेतां येतो हेंहि आमच्या कानीं आलें आहे. तसा परवाना म्हणजे खोट्या वजनावर खरा शिक्का. तो नसलेल्या परवान्याहून वाईट, कारण त्यानें ती बाई फसते.

विम्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. आमच्या एका खेड्यांत एक वृद्ध उपदेशक आहेत, ज्यांचा आम्ही मनापासून आदर करितों. ते म्हणतात, विमा उतरणें म्हणजे देवावर भरंवसा नाहीं असें कबूल करणें. हा आक्षेप नवा नाहीं. विमा निघाल्यापासून भाविक लोकांनीं तो वेळोवेळीं घेतला आहे. त्याच्या उलट हेंहि सांगितलें पाहिजे कीं, काटेकोर गणितावर उभारलेल्या जगांतील पहिल्या विमाफंडांपैकीं एक फंड पाळकांनींच काढला. १७४४ सालीं स्कॉटलंडांत रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेबस्टर ह्या दोन पाळकांनीं, कॉलिन मॅक्लॉरिन नांवाच्या गणितज्ञाच्या मदतीनें, मृत पाळकांच्या विधवांसाठीं व मुलांसाठीं तो उभा केला. परंतु आम्ही आमच्या वृद्ध बंधूंशीं त्या फंडावरून वाद घालीत नाहीं. एखाद्यानें स्वतःच्या जिवाचा विमा उतरला नाहीं, स्वतःच्या गाडीच्या कांचेचा, पत्र्याचा विमा उतरला नाहीं, आणि जें होईल तें देवाच्या हातीं म्हणून सोडलें, तर त्याचा भरंवसा तोच जाणे. तेथें आम्ही बोलणार नाहीं. रस्त्यावर जो विमा सक्तीचा आहे तो मात्र निराळा आहे. त्यांत करार दोघांचा, विमा कंपनीचा व मालकाचा. आणि लाभ तिसऱ्याचा, जो त्या करारास हजर नव्हता, ज्याचें नांव त्यांत नाहीं, व ज्यास कदाचित् विमा म्हणजे काय हेंहि ठाऊक नाहीं. कायद्याच्या भाषेंत तो तिऱ्हाईत. माझ्या भरंवशावर मीं उपास करावा, हें योग्य. माझ्या भरंवशावर त्या तिऱ्हाईताचा पाय गहाण टाकण्याचा अधिकार मला कोणीं दिला? तो पाय माझा नाहीं. नियमशास्त्राच्या एका पंडितानें, माझा शेजारी कोण, असें विचारिलें असतां प्रभूनें जी गोष्ट सांगितली तिच्यांतील शोमरोनी मनुष्य केवळ जखमा बांधून थांबला नाहीं. त्यानें उतारशाळेच्या रक्षकाजवळ पैसे ठेविले आणि आणखी खर्च लागल्यास परत येतांना देईन अशी हमी भरली. हें आमचे उपदेशक बंधु दर वर्षीं शिकवितात. तीं दोन नाणीं व ती हमी ह्यांस आजच्या भाषेंत काय म्हणावें, ह्याचा त्यांनीं विचार करावा.

हा विमा सक्तीचा होण्यास कारणहि तसेंच घडलें. मोटारी वाढल्या तेव्हां जखमी लोक न्यायालयांत दावे जिंकूं लागले, पण पुष्कळदां त्यांच्या हातीं नुसता हुकूमनामा येई. ज्याच्यावर हुकूमनामा झाला त्याच्यापाशीं देण्यास कांहीं नसे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें १९२७ पासून, इंग्लंडनें १९३० च्या कायद्यानें, आणि हिंदुस्थानानें १९३९ च्या कायद्यानें तिऱ्हाईताचा विमा आवश्यक केला. आपल्याकडे तें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. तिऱ्हाईताच्या मृत्यूस किंवा शरीराच्या इजेस ह्या विम्यांत रकमेची मर्यादा नाहीं. न्यायाधिकरण ठरवील तेवढी भरपाई कंपनीनें द्यावयाची. आणि २०२२ सालीं ठरलेल्या दराप्रमाणें ओम्नीसारख्या लहान गाडीचा असा विमा कर सोडून वर्षास २,०९४ रुपयांचा, म्हणजे दिवसाला सहा रुपयांहून कमी. आमच्या गृहस्थांस आम्हीं हा हिशेब करून दाखविला तेव्हां ते कांहीं वेळ गप्प बसले. पुढें म्हणाले, "रोजचा चहा याच्यापेक्षा महाग पडतो."

ह्यावर कोणी म्हणेल कीं कायद्याचा बडगा गरिबावरच पडतो, आणि तें बोलणें आमच्या गृहस्थांनीं लगेच केलेंहि. १९ मे २०२४ रोजीं पहाटेपूर्वीं पुण्यांत कल्याणीनगर येथें एका पोर्शे गाडीनें दुचाकीस धडक देऊन दोघां तरुण अभियंत्यांचा प्राण घेतला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणें गाडी चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता, म्हणजे परवाना मिळण्याचें वयहि झालेलें नव्हतें. कोटीहून अधिक मोलाच्या त्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांची फी न भरल्यामुळें राहिली होती. मुलास त्याच दिवशीं जामीन मिळाला व ज्या अटी घातल्या त्यांत अपघातांविषयीं ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. लोकक्षोभ झाल्यावर तो हुकूम पुढें बदलण्यांत आला. "त्याला निबंध, आणि माझी गाडी जमा," असें आमचे गृहस्थ म्हणाले. ह्यास आमच्यापाशीं प्रत्युत्तर नव्हतें व आजहि नाहीं.

परंतु ह्याच ठिकाणीं एक गोष्ट अशी आहे कीं, ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो, तरी सांगितली पाहिजे. श्रीमंताच्या गाडीखालीं कोणी सांपडला तर निदान जप्ती आणण्यास त्याचा बंगला असतो. आमच्यासारख्याच्या गाडीखालीं कोणी सांपडला, आणि विमा नसला, तर त्याच्या विधवेनें कशावर जप्ती आणावी? अर्ध्या एकरावर? जुन्या ओम्नीवर? आणि सांपडणारा तरी कोण असतो? २०२२ सालीं ह्या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं; त्यांत बत्तीस हजारांहून अधिक पायीं चालणारीं होतीं, आणि दुचाकीवरचीं त्याहूनहि पुष्कळ. बागेवरून परत येणारी बाई, एस. टी. चुकल्यामुळें पायीं निघालेला पोरगा, शेळ्या हांकणारा म्हातारा, हे आमचेच लोक आहेत. गरीब मनुष्यापाशीं भरपाई देण्यास दुसरें कांहीं नाहीं, म्हणूनच विम्याचें ऋण श्रीमंतापेक्षां त्याच्यावर अधिक आहे. हें न्यायाचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. हें असें आहे, इतकेंच म्हणतों.

ह्या संबंधांत न्यायालयांचे तीन निर्णय आमच्या उपदेशकांनीं लक्षांत ठेवावे, कारण लोक त्यांसच विचारावयास येतात. २००४ सालीं स्वर्णसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, विमा असून चालकापाशीं योग्य परवाना नसला, तरी कंपनीनें जखमीस प्रथम पैसे द्यावे व मागाहून ते मालकाकडून वसूल करावे. म्हणजे जखमी वांचला, मालक बुडाला. २०१८ च्या फेब्रुवारींत त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, विकलेली गाडी सरकारी दप्तरांत ज्याच्या नांवावर राहिली असेल, भरपाईची जबाबदारी त्याचीच. हें ऐकल्यावर आमच्या गृहस्थांचा चेहरा उतरला. सहा वर्षें आपण आपल्या मेहुण्याच्या घरादारावर गाडी हांकीत होतों, हें त्यांस त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतें, मेहुण्यासहि नव्हतें. आणि त्याच सालच्या सप्टेंबरांत असें सांगण्यांत आलें कीं, अपघात केलेलें विनाविम्याचें वाहन मालकानें भरपाईची पुरेशी हमी दिल्याखेरीज सोडूं नये, व हमी न मिळाल्यास तीन महिन्यांनीं तें लिलावांत काढावें. नवीन गाडीस तीन वर्षांचा व नवीन दुचाकीस पांच वर्षांचा तिऱ्हाईताचा विमा एकदमच घ्यावयाचा, हा नियमहि १ सप्टेंबर २०१८ पासूनचा आहे. त्यामुळें पुष्कळांस अशी समजूत झाली आहे कीं विमा एकदां उतरला म्हणजे जन्माचा झाला. पांच वर्षें कशीं जातात तें कळत नाहीं.

आतां चिठ्ठीचें काय झालें तें सांगतों. आम्ही म्हणालों, "चिठ्ठी देत नाहीं, पण तुमच्याबरोबर येतों." पेठ रस्त्यावरील परिवहन कार्यालयांत जावयाचें म्हणून आम्हीं मोटारसायकल बाहेर काढली, हेल्मेट हातांत घेतलें. ते मागें बसावयास आले, थबकले, आणि कसलाहि खवचटपणा मनांत नसतां म्हणाले, "साहेब, तुमचा इन्शुरन्स हाय ना? न्हाईतर तुमची पण गाडी तिथंच ठेवून घेतील."

आम्हीं हसून फोन काढला व पाहिलें. मुदत जून महिन्यांत संपली होती. तो ऑक्टोबर महिना होता.

वाचकहो, ह्या चार महिन्यांत आम्ही त्या मोटारसायकलीवर दर आठवड्यास तीन गांवीं उपासनेस गेलों होतों. पुण्याची गोष्ट घडली तेव्हां आम्हीं उपदेशांत त्या १,७५८ रुपयांवर पुष्कळ बोललों होतों. श्रीमंतांस एवढीशी रक्कम जड झाली म्हणून टीका केली होती, व ती ऐकणाऱ्यांस आवडलीहि होती. आमच्या दुचाकीचा विमा त्याच दराप्रमाणें कर सोडून ७१४ रुपयांचा. तो आम्हीं बुडविला नव्हता, विसरलों होतों. परंतु विहिरीला कठडा घालावयास जो विसरला त्याचें, आम्ही वर लिहिलें आहे तें, आतां आमच्याच पुढें उभें राहिलें. आणि दुसरें कांहीं आठवलें. जुलैंत एका संध्याकाळीं भुरभुर पाऊस असतां एका वळणावर शेळ्यांमागें धांवणारा एक मुलगा एकदम आमच्या चाकापुढें आला होता. आम्हीं ब्रेक दाबला, गाडी घसरत जाऊन त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली, पोर हसून पळालें, आणि आम्हीं देवाचे आभार मानून पुढें जाऊन दहा आज्ञांवर प्रवचन केलें. त्या मुलाचें नांव आम्हांस माहीत नाहीं. तो घसरला असता तर त्याच्या बापानें आमच्यावर काय जप्ती आणली असती? पुस्तकांच्या दोन कपाटांवर?

हेल्मेट घरांत ठेवून आम्ही दोघे शहर बसनें गेलों. वाटेंत फारसें बोललों नाहीं. जमा झालेल्या गाड्या ठेवतात त्या आवारांत कांहीं रिक्षांवर वेल चढले होते. मालक न आलेलीं वाहनें शेवटीं लिलावांत जातात. आमच्या गृहस्थांची ओम्नी एका कोपऱ्यांत उभी होती व तिच्यांत मागच्या बाजूस बायांच्या विळ्या आणि एक पाण्याची कळशी तशीच राहिली होती. दंड, थकलेला विमा, नांवांतर, मेहुण्याची मनमाडहून सही, अर्ज, आणि गाडी बाहेर काढण्यास परवाना असलेला एक भाचा, ह्या सर्वांस नऊ दिवस लागले. दंडाचे पैसे त्यांनीं बहिणीकडून उसने घेतले. क्रेट त्या दिवशीं रस्त्यावरच पडेल त्या भावानें विकले गेले. बागायतदारानें त्या नऊ दिवसांत दुसऱ्या गांवची टोळी लावली, आणि ज्या पांच बाया ह्या गाडीनें जात त्यांची छाटणीची मजुरी गेली. त्यांचा तर काडीचाहि दोष नव्हता. त्यांपैकीं एकीनें आम्हांस विचारलें, "साहेब, तुम्ही चिठ्ठी दिली असती तर?" आम्हीं तिला खरें तेंच सांगितलें कीं, कदाचित् गाडी दुसऱ्याच दिवशीं सुटली असती. ती कांहीं बोलली नाहीं; आणि आमच्या निर्णयाविषयीं आम्हांस अजून पुरतें समाधान नाहीं.

पुढच्या रविवारीं उपासना संपल्यावर आम्हीं आमच्या विम्याची हकीकत मंडळीस सांगितली. कांहीं जण खालीं पाहूं लागले. बाहेर चिंचेखालीं तरुण मुलें फोनवर एकमेकांच्या गाड्यांचे क्रमांक घालून पाहत उभीं राहिलीं, व अर्ध्या तासांत सात दुचाकी विम्यावांचून निघाल्या. सर्वांच्या शेवटीं ते वृद्ध उपदेशक हळूच जवळ आले आणि, फोनांतलें आपणांस समजत नाहीं, जरा पाहून द्या, असें म्हणाले. त्यांची गाडी २०१६ सालची. विमा पहिल्या वर्षापुढें कधींच उतरला नव्हता. आम्हीं तो तेथेंच भरून दिला. भरवशाचा विषय त्यांनींहि काढला नाहीं, आम्हींहि काढला नाहीं.

ओम्नीच्या मालकांनीं शिकाऊ परवाना घेतला आहे. पक्क्या परवान्याची परीक्षा त्यानंतर तीस दिवस गेल्यावांचून देतां येत नाहीं, व त्यांस पुढील महिन्यांतील तारीख मिळाली आहे. गाडी तोंवर अंगणांत आहे. क्रेट भाड्याच्या पिकअपमधून जातात, आणि त्या भाड्याची कुरकुर ते दर रविवारीं आमच्यापाशीं करितात.